तिची पन्नास मिनिटं

माझी बायको गेली त्या दिवशी मला फोन आला तो कुरिअरच्या खिडकीवरच्या माणसाचा. मी एका बाळीचा सांधा डाख लावून जोडत होतो. डाख वितळायला लागल्यावर हात सोडता येत नाही, म्हणून फोन दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

"काका, लगेच या. मावशी इथे पडल्यात."

"पडल्या म्हणजे? पाय मुरगळला का?"

"तुम्ही या आधी," तो म्हणाला.

घरापासून ती खिडकी सात मिनिटांवर आहे. मी पोचलो तेव्हा तिला बाकावर निजवलं होतं आणि डोक्याखाली कुणीतरी रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा ठेवला होता. डॉक्टर आला. त्याने तिचं मनगट धरलं, सोडलं आणि घड्याळ बघितलं. त्याने घड्याळ बघितलं तेव्हा मला कळलं. बारा चाळीस झाले होते.

त्या दिवशी तिच्याकडे अकरा पाकिटं होती. नऊ तिने खिडकीतून आत दिली होती, दोन पिशवीत होती. आतली नऊ त्याच दुपारच्या गाडीने गेली. नंतर त्या माणसाने मला विचारलं, "काका, पाठवली मी. चुकलं का माझं?" मी म्हटलं, "ठेवून घेतली असतीस तर तिने तुला सोडलं नसतं." उरलेली दोन मी तिसऱ्या दिवशी रांगेत उभा राहून दिली. पाचव्या दिवशी तिच्या फोनवर कुणा बाईंनी लिहिलेलं आलं: बांधणी फार सुरेख, आभार. पाच स्टार.

मी सोनार आहे. चाळीस वर्षं लहान काम करतोय. कानातले टॉप्स, बाळ्या, बारीक अंगठ्या, नखाएवढी पदकं. एक ग्रॅमच्या आतलं सगळं. मोठे हार माझ्याकडे कधी आले नाहीत. आले असते तर मी काही हात जोडून परत पाठवले नसते, पण नाही आले, आणि हात लहान कामालाच बसला.

या धंद्याची एक रीत आहे. घडणावळ वजनावर धरतात. दहा ग्रॅमच्या बांगडीला दहा ग्रॅमची घडणावळ, एका ग्रॅमच्या टॉप्सना एका ग्रॅमची. बांगडी यंत्रावर अर्ध्या तासात वळते. टॉप्सच्या जोडीला दोन पाकळ्या, दोन दांड्या, दोन फिरक्या आणि चार ठिकाणी डाख. जवळजवळ दोन तास जातात. म्हणजे वस्तू जितकी लहान तितका वेळ जास्त आणि मोबदला कमी. छत्तीस वर्षं मी हे असंच असतं म्हणून चालवलं. दुकानदार देईल ते घेतलं.

ती असं चालवून घेणाऱ्यातली नव्हती. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि माझ्या बाकासमोर टांगलं.

"आता सांगा, ही जोडी किती वेळात झाली?"

"होईल तेव्हा होईल."

"असं दुकानदाराला सांगा. मला मिनिटं सांगा."

"आणि स्वयंपाकघरात काय बघशील?"

"तुमच्या पोटाकडे बघेन. ते बरोबर एकला वाजतं."

मग तिने एका अ‍ॅपवर आमचं पान काढलं आणि माल तिथे विकायला लागली. प्रत्येक वस्तूखाली सगळा हिशेब उघडा लिहायची. सोनं इतकं, आजचा भाव इतका, घडणावळ इतक्या मिनिटांची, डबी आणि टपाल इतकं. भाव रोज सकाळी दहाला बदलायची, ताप असला तरी. तिच्या धाकट्या भावाचं मोठ्या रस्त्यावर दागिन्यांचं दुकान आहे. त्याने पहिल्यांदा फिरती खुर्ची घेतली तेव्हा तिने त्याचं नाव शेठ ठेवलं, ते सगळ्या घराने उचललं. हा शेठ तेव्हा म्हणाला होता, "ताई, हिशेब असा चव्हाट्यावर मांडतं का कुणी? गिऱ्हाईक घासाघीस करेल."

"करू दे की," ती म्हणाली. "कुठल्या मिनिटाबद्दल करायची ते तरी त्याला दिसेल."

कुणी केली नाही. दोन तासांचे पैसे दोन तासांसारखे मिळायला लागले. मला वाटलं, माझ्या हाताला आता किंमत आली. ते खरंही होतं. पण तिथेच माझं बघणं थांबलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लहान सोन्याचा फोटो फसवतो. फोनवर टॉप्स दिसतात बटाट्याएवढे, आणि डबी उघडली की माणूस म्हणतो, एवढेच? सुरुवातीला चार वस्तू अशाच परत आल्या. मग ती प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी तांदळाचा एक दाणा ठेवायला लागली. तांदूळ सगळ्यांना माहीत असतो. परत येणं थांबलं. एकदा कुणीतरी गमतीत लिहिलं, फोटोतला तांदूळ मिळाला नाही. तिने पुढच्या पाकिटात कागदाच्या पुडीत चिमूटभर तांदूळ घातला आणि वर लिहिलं, "उशिराबद्दल माफी."

ती गेल्यावर बारा दिवसांनी शेठ आला. लेक तेव्हा इथेच होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. पंधरा दिवसांची रजा काढून आली होती, आणि तिने तेवढ्या दिवसांत सगळं घर धुऊन पुसून काढलं होतं. रडण्यापेक्षा ते बरं, म्हणून मी काही म्हटलं नाही.

शेठने चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाला, "भाऊजी, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. बोल."

"ताईचं पान मला द्या. तीन हजार लोकांनी चांगलं लिहिलंय त्याच्यावर. मी त्यावर माझा साच्यातला माल टाकतो. हलका, चकाचक, तुमच्या निम्म्या किमतीत. तुम्हाला दर महिन्याला ठरावीक देतो. तुम्ही आता निवांत बसा."

"निवांत बसून काय करू?"

"लोक काय करतात? टीव्ही बघा."

"ती तीन हजार माणसं तिच्या बोलण्याला भुलून आली. तुझ्या साच्याला नाही."

"अहो, म्हणूनच तर मागतोय!" शेठ म्हणाला, आणि स्वतःच जरा ओशाळला. तो माणूस वाईट नाही. बहिणीसाठी तो त्या दिवशी रस्त्यात बसून रडला होता. पण दुकानदार आहे.

मी म्हटलं, "पान मी चालवणार."

"तुम्ही? तुम्हाला फोनवर हॅलो म्हणताना ओरडावं लागतं."

"मामा, बाबांना जमेल," लेक म्हणाली. तो गेल्यावर दार लावून तिने विचारलं, "बाबा, जमेल ना?"

"जमेल. दाखव कसं करायचं ते."

"आधी फोन सुलटा धरा."

तिने दोन दिवस शिकवलं. बायकोने आधीच फोटो काढून, मजकूर लिहून ठेवलेल्या एकतीस वस्तू पानावर होत्या. बत्तिसावी अर्धवट होती. नखाएवढं एक पदक. फोटो होता, वजन होतं, माझी मिनिटं होती, आणि मजकुराच्या जागी एवढंच होतं: "या पदकाची मागची बाजू". पुढे काही नाही. लेकीने विचारलं, "काय लिहायचं होतं आईला?" मी पदक उलटं करून बघितलं. मागे काही नव्हतं. साधी कानशीने सारखी केलेली बाजू. मी म्हटलं, "राहू दे ते."

लेक गेल्यावर मी टॉप्सची एक नवी जोडी केली आणि स्वतः फोटो काढायला बसलो. सकाळी आठला बसलो. सोन्यात माझा चेहरा दिसायला लागला. मी बाजूला सरकलो तर फोन दिसायला लागला. ती उशीचा पांढरा अभ्रा खिडकीत लावून उजेड गाळून घ्यायची, ते आठवायला अकरा वाजले. तांदूळ लागतो ते आठवायला बारा. स्वयंपाकघरातल्या डब्यातून हाताला लागेल तो दाणा उचलला. मग लिहायला बसलो. "सोन्याचे टॉप्स. चांगले आहेत." एवढं लिहिलं आणि पेन, म्हणजे बोट, थांबलं. एकला फोटो बरा आला, दोनला मजकूर झाला. सहा तास. जोडी करायला लागले होते एक तास पंचावन्न मिनिटं.

मग मी तिची वही काढली. चार वर्षांतल्या प्रत्येक वस्तूपुढे माझी मिनिटं लिहिलेली. एकशेपंधरा, नव्वद, एकशेचाळीस. घासकामाची वीस वेगळी. पानं उलटत गेलो. तिची मिनिटं कुठेच नव्हती.

लेकीला फोन लावला. "फोटो आणि लिखाण यांची आईची मिनिटं कुठल्या वहीत आहेत?"

ती म्हणाली, "बाबा, आईची मिनिटं कुणी लिहिली?"

"घड्याळ तर तिनेच टांगलं."

"तुमच्यासमोर टांगलं ना," लेक म्हणाली.

छत्तीस वर्षं दुकानदारांनी माझा वेळ फुकट घेतला म्हणून मी कुरकुरत होतो, आणि चार वर्षं मी तेच केलं. मुद्दाम नाही. दुकानदारही मुद्दाम करत नव्हते, रीत होती.

मी लेकीला म्हटलं, आई एका वस्तूला किती वेळ घ्यायची ते तुला आठवतं का. ती म्हणाली, सुट्टीत बघितलंय, पाऊण तास धरा. मी पन्नास मिनिटं धरली. भाव माझ्याच मिनिटांचा लावला, एक पैसा कमी नाही. एकतीसच्या एकतीस वस्तूंखाली घडणावळीच्या पुढे नवी ओळ टाकली: फोटो आणि लिखाण, पन्नास मिनिटं. माझ्या नव्या जोडीलाही पन्नासच लावली. मला सहा तास लागले ते माझ्या अडाणीपणाचे, त्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत? किमती शेकडा दहाने चढल्या.

चार दिवसांत विचारणा यायला लागल्या.

एकाने लिहिलं, "फोटोचे पैसे? मग दाराने आत येण्याचे किती?"

मी लिहिलं, "दार फुकट आहे. फोटो माझ्या बायकोने काढलेत."

दुसऱ्याने लिहिलं, "बायकोला पगार देता की काय?"

मी लिहिलं, "द्यायला हवा होता."

शेठचा फोन आला. "भाऊजी, हे काय चालवलंय? सोनं आधीच आभाळाला टेकलंय, त्यात तुम्ही मिनिटं वाढवताय. आणि ते पैसे घेणार कोण? ताई तर..."

"माझ्या घडणावळीचे पैसे मी कुठे घालतो ते कधी विचारलंस?"

"नाही."

"मग हेही विचारू नकोस."

आठवड्याने अ‍ॅपच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, घाई फार. "सर, पुढच्या आठवड्यात आपला मोठा सेल आहे. तुम्ही घडणावळीवर तीस टक्के सूट दिलीत तर तुमचं पान वर दाखवू."

"नाही दिली तर?"

"तर यादीत खाली जाईल, सर."

"खाली म्हणजे किती?"

"म्हणजे लोक इतकं खाली जात नाहीत."

"दिवे असतात ना तिथे?"

ती हसली. मग म्हणाली, "आणि सर, ती फोटो-लिखाणाची ओळ काढावी लागेल. किमतीच्या तपशिलात सोनं, घडणावळ, कर आणि टपाल एवढंच चालतं. बाकी ओळ नियमात नाही."

"काम झालंय ना पण?"

"झालं असेल, सर. तुम्ही असं करा ना, ते पैसे घडणावळीत मिसळून टाका. किंमत तीच राहील, तुमचं नुकसान नाही. कुणाला दिसणारही नाही."

"बाळ," मी म्हटलं, "चार वर्षं तेच झालं. कुणाला दिसलं नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मी फक्त कळवायचं काम करते."

"कळलं. सूट नाही आणि ओळही राहील."

दुसऱ्या दिवशी पान खाली गेलं. लेकीने तिच्या घरून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, अंगठा दुखायला लागला खाली जाता जाता, तरी तुम्ही सापडत नाही." ओळ त्यांनी पुसली. मी परत लिहिली. त्यांनी परत पुसली आणि कळवलं की तिसऱ्यांदा लिहिली तर पान बंद. तीन आठवडे एकही वस्तू गेली नाही. कुरिअरच्या खिडकीवरचा माणूस रस्त्यात भेटला की विचारायचा, "काका, बरे आहात ना?" म्हणजे पाकिटं का नाहीत.

त्यानंतर एक विक्री झाली. माझीच नवी जोडी. घेणाऱ्या एक शिक्षिका होत्या, जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडे पानाचा पत्ता जपून ठेवलेला होता, यादीत शोधायची गरज नव्हती. मी जोडी बांधून पाठवली, खूश झालो. माझा पहिला फोटो विकला गेला होता.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाई आहेत का?"

"मी बोलतोय, कारागीर. काय झालं?"

"तुमचा तांदूळ बदललाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय बदललंय?"

"तांदूळ. फोटोतला. मी सात वस्तू घेतल्यात तुमच्याकडून. दर वेळी एकच दाणा असायचा, एका टोकाला काळा ठिपका असलेला. या वेळी ठिपका नाही आणि दाणा आखूड आहे. तुकडा आहे तो. कणी. तुकड्याशेजारी टॉप्स मोठे दिसले म्हणून मी घेतले. डबी उघडली तर हे इवलेसे."

"वजन खाली लिहिलंय, बाई. आठशे मिलिग्रॅम."

"वजन वाचून कान दिसत नाही. बाईंनी असं केलं नसतं. त्या कुठे आहेत?"

सोनाराने कान टोचावे म्हणतात. इथे सोनाराचेच टोचले गेले. मी म्हटलं, "ती गेली. आठ आठवडे झाले."

पलीकडे मुलांचा गोंगाट चालू होता, त्यांनी कुणाला तरी "बस खाली" म्हटलं. मग विचारलं, "मधे ती ओळ होती. फोटो आणि लिखाण, पन्नास मिनिटं. त्या पानावर थोडे दिवस दिसली आणि गेली. ती त्यांची होती?"

"हो."

"कमी आहेत."

"काय?"

"पन्नास कमी आहेत. माझ्या डाव्या कानाचं भोक फाटून खाली आलंय. कुठलेही टॉप्स एका बाजूला लोंबायचे. बाईंनी मला फोनवर आरशासमोर उभं केलं, हातात पट्टी घ्यायला लावली आणि मोजून घेतलं. डाव्या टॉप्सची दांडी तुमच्याकडून वर लावून घेतली. अर्धा तास तर माझ्या एकटीवर घालवला. उत्तरांची मिनिटं तुम्ही कुठे धरलीत?"

मला ती जोडी आठवली. "डावी दांडी दीड मिलिमीटर वर लावा," असं म्हणाली होती. मी म्हटलं होतं, जोडी म्हणजे सारखी हवी, हे कसलं खूळ. ती म्हणाली होती, "कान सारखे नाहीत, त्याला मी काय करू? लावा म्हणते तर लावा."

"नव्हती धरली," मी म्हटलं.

"धरा मग. आणि हे टॉप्स मी परत पाठवतेय. खरंच लहान आहेत."

"पाठवा. पूर्ण पैसे देतो."

"द्यालच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी लेकीला विचारलं, आईच्या टेबलावर तांदळाचा दाणा होता का कुठे. तिचा श्वास मला ऐकू आला.

"एका छोट्या डबीत कापसावर होता. एकच. मला वाटलं चुकून पडलाय, टोकाला किडल्यासारखा दिसत होता. बाबा, मी टाकला तो. केरात टाकला."

"बरं."

"चार वर्षं एकच दाणा वापरत होती आई?"

"दिसतं तसं."

ती रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, तू डबी धुतलीस, मी चार वर्षं डबी बघितलीसुद्धा नाही. तुझं चुकलं म्हणू की माझं? नाक पूस."

मी मापाचा चिमटा काढला. तिच्या फोटोतल्या काही वस्तू माझ्या खणात होत्या. वस्तू मोजायची, फोटोत ती दाण्याच्या किती पट दिसते ते बघायचं, की दाण्याची लांबी निघते. सहा वस्तूंवरून काढली. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं: सहा मिलिमीटरला एक केस कमी. मग डब्यातला तांदूळ ताटात ओतला आणि एकेक दाणा चिमट्यात धरत गेलो. दोनशेच्या वर मोजले असतील. एक बरोबर बसला. तो कापसावर घालून डबीत ठेवला. ठिपका काढला नाही. काळी शाई घरात होती, पण ठिपक्याचा दाणा तिचा होता, हा माझा आहे. ज्याला ओळखायचं त्याने ओळखावं.

राहिली ओळ. तपशिलात लिहिली तर पान बंद होणार. मी दोन दिवस विचार केला. मग एका कागदाच्या कपट्यावर माझ्या अक्षरात लिहिलं: "फोटो, लिखाण आणि उत्तरं, सत्तर मिनिटं. हे काम माझ्या बायकोचं. किमतीत धरलंय." तो कपटा वस्तूशेजारी ठेवला, पलीकडे तांदूळ ठेवला आणि फोटो काढला. एकतीस वस्तू, एकतीस फोटो. तिचा फोटो पहिला, माझ्या चिठ्ठीचा दुसरा. अ‍ॅपचं यंत्र तपशिलातल्या ओळी वाचतं. फोटोतलं माझं अक्षर त्याला लागत नाही. माझं अक्षर तसं माणसांनाही लागत नाही, म्हणून मोठं काढलं.

लेक म्हणाली, "बाबा, लोक पन्नास देत नाहीत आणि तुम्ही सत्तर केलीत?"

"हिशेब चुकला होता. दुरुस्त केला."

"आणि कुणीच घेतलं नाही तर?"

"तर सोनं काही नासत नाही."

शेठ मुद्दाम बघायला आला. फोन डोळ्यांजवळ नेऊन त्याने चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. मग खुर्चीत मागे टेकला.

"भाऊजी, माझा साच्यातला माल तिकडे दिवसाला दीडशे जातो."

"जाऊ दे. चांगलं आहे."

"तुमचे महिन्यात किती गेले?"

"चार."

"चार!" तो म्हणाला. "हट्टालाही काही माप असतं. ताई असती तर तिने स्वतः ही ओळ पुसली असती. स्वतःचे पैसे मागायची तिला लाज वाटायची."

"ते खरंय," मी म्हटलं. "तिला वाटायची. मला वाटत नाही."

जाताना तो माझ्या बाकासमोरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "हे पाच मिनिटं मागे आहे." मी म्हटलं, "माहीत आहे. सगळी कामं त्याच्यावरच मोजलीत, आता पुढे केलं तर जुना हिशेब चुकेल." तो हसला आणि गेला.

त्याला चार महिने झाले. एकतीसपैकी चौदा वस्तू गेल्या, चौदाही पूर्ण किमतीला. अ‍ॅपवाले दर सेलला सूट मागतात, मी नाही म्हणतो, पान खालीच आहे. त्या शिक्षिकेने दोन मैत्रिणींना पत्ता दिला. त्यांतल्या एकीने चिठ्ठी वाचून सत्तर मिनिटांवर घासाघीस केली. मी कमी केली नाही, तिने वस्तू घेतली नाही. दुसरीने घेतली. भाव मी रोज सकाळी दहाला बदलतो. नुसत्या फोटो-लिखाणाला आता मला एक तास दहा मिनिटं लागतात, म्हणजे तिच्या पन्नास मिनिटांजवळ आलोय, अजून पोचलो नाही. नव्या वस्तूंना चिठ्ठी लावतो, फक्त "हे काम माझ्या बायकोचं" हे वाक्य काढून. त्या माझ्या आहेत.

ते पदक अजून पानावर टाकलेलं नाही. शेठ म्हणतो, नुसतं वजन लिहा आणि संपवा. मी ते रोज एकदा उलटं करून बघतो. फोटो तिचा आहे, घडणावळीची पंच्याऐंशी मिनिटं माझी आहेत, भाव आजचा आहे, चिठ्ठीही लिहून ठेवली आहे. "या पदकाची मागची बाजू" याच्या पुढचं वाक्य लिहायचं राहिलं आहे.